घरतबाईंचा गुरुवारचा तास

घरतबाई, तुम्ही वेळ पाळणाऱ्या बाई. मला गुरुवारपर्यंतची मुदत दिलीत आणि मंगळवारी सकाळी स्वतःच निघून गेलात. हे मी नाटकात लिहिलं असतं तर तालमीत तुम्हीच पहिल्या रांगेतून म्हणाला असता, "सर, हे काय पटत नाय. बदला."

शाळेत शोकसभा झाली. अर्थातच भाषण मी केलं, आणि सांगायला लाज वाटते, पण भाषण फार रंगलं. दोन शिक्षिका रडल्या, शिपाई मामांनी डोळे पुसले, मोठ्या बाईंनी नंतर माझा हात हातात घेतला. तुमच्याबद्दल मी एकही शब्द खोटा बोललो नाही. फक्त एक गोष्ट गाळली. आता शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लेख मागितला आहे, तेव्हा ती गाळलेली गोष्टच लिहितो. छापायची की नाही ते मोठ्या बाईंनी ठरवावं. जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं वगैरे ऑफिसातल्या फायलीत आहे, तिथून घ्यावं.

आपण दोघं वीस वर्षं स्टाफरूमच्या एकाच टेबलाशी भांडलो. मी मराठी आणि नाटक, तुम्ही कॉम्प्युटर. माझ्या मते तुमचा विषय म्हणजे मुलांच्या हातात काडेपेटी देणं. तुमच्या मते माझा विषय म्हणजे काडेपेटीवर निबंध लिहून घेणं. दर गुरुवारी आठवी ब ला तुमचा तो खास तास असायचा, अभ्यासक्रमात नसलेला, तुम्ही मोठ्या बाईंच्या मागे लागून मिळवलेला. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापून ठेवायचात. कॉम्प्युटर चालू करायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, कशाला चालू करतोय. तास संपला की त्याखाली लिहायचं, खरं काय केलं. ना मार्क, ना शिक्षा. दोन्ही ओळी शेजाऱ्याला वाचून दाखवायच्या, बस.

मी चेष्टा करायचो. "बाई, ही काय डॉक्टरची चिठ्ठी आहे? सकाळ-संध्याकाळ एकेक यूट्यूब?"

"तुमीपण लिवा एक," तुम्ही म्हणायचात. "सुटीत फोन कशाला उचलला, आन वीस मिनटं काय बघितलं. वाचा मग मोठ्यानं."

मी कधी लिहिलं नाही. वर्गात तुम्ही छापील पुस्तकासारखं बोलायचात, आणि राग आला किंवा माया आली की उरणकडची घरची बोली यायची. माझ्याशी बोलताना बहुतेक वेळा घरचीच यायची. त्यातला राग किती आणि माया किती, हे विचारायचं राहिलं.

सगळ्या शाळांत फोनबंदीची हवा सुटली तेव्हा मी बंदीच्या बाजूने स्टाफरूममध्ये अर्धा तास बोललो होतो. तुम्ही डबा खात ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "माझा बापूस मिठागराची उघाडी, पाण्याचा दरवाजा, सांभाळायचा. भरतीचं पाणी कवा आत घ्यायचं, कवा फळ्या टाकायच्या, ते त्याला बरोबर कळायचं. समुद्र बंद करा, असं तो कंदी बोलला नाय." आणि मला सुक्या जवळ्याची चटणी वाढलीत. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाचं तिथे पाणी आटून मीठ झालं.

आणि तो किल्ला. तुम्ही मुलांना सांगितलंत, ते नवं उत्तरं देणारं यंत्र आहे ना, त्याला आपापल्या गावाबद्दल विचारा. यंत्राने एका मुलाच्या गावात थेट किल्लाच बांधला, बुरूज, तळं, दिंडी दरवाजा सगळं. तुम्ही म्हणालात, आता आजोबांना विचारून या. आजोबा म्हणाले, इथं चिंचेच्या झाडापलीकडं काय नव्हतं. मी हे ऐकून इतका खूष झालो की तुम्हाला म्हटलं, बाई, पहिल्यांदाच हे यंत्र मला आवडलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आवडणारच. तुमच्यावाणीच हाय. नसलेलं पण ठासून सांगतं."

ही चेष्टा होती. पुढे ती चेष्टा राहिली नाही.

गॅदरिंगच्या नाटकात महाराणीचं काम आठवी ब च्या रिया भोईरला दिलं होतं. तळोज्याहून येणारी, वडील तिकडच्याच कंपनीत पाळीवर जाणारे, पोरगी अबोल पण उभी राहिली की मान अशी ताठ की मुकुट वाया जाणार नाही. शाळेत ती फार जपून शुद्ध बोलायची. तालमीत सेनापती गुडघ्यावर बसून विचारतो, "महाराणी, शत्रू वेशीपाशी आला. दरवाजे उघडायचे की नाहीत?" आणि आमची महाराणी वाक्य विसरली. डोळे मिटले, हात वर केला आणि म्हणाली, "थांब रं जरा, मना नाय आठवत."

सगळी तालीम हसून लोळली. मीही. डाव्या विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या खुर्चीवर बसून मी फोनवर तालीम टिपत होतो. घरी जाऊन तो तुकडा कापला आणि आमच्या जुन्या नाटकवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, आमची महाराणी. मंडळींनी हसून हसून दाद दिली. मला एखाद्या प्रयोगाला टाळी मिळावी तसं वाटलं. त्यातल्या एकाच्या भाचीने तो तुकडा गाणं लावून पुढे कुठेतरी चढवला. तीन दिवसांनी पनवेलच्या रिक्षा स्टँडवर दुसऱ्या शाळेची पोरं रियाला पाहून हात वर करून म्हणाली, "थांब रं जरा." चौथ्या दिवशी ती शाळेत आली नाही. पाचव्याही नाही.

मी मित्राला फोन करून तो तुकडा काढायला लावला. त्याने काढलाही. तोपर्यंत तो आणखी दहा जणांनी उचलला होता. मोठ्या बाईंनी दप्तरं तपासली. आठवी ब मधल्या नीरव आणि ओंकार या दोघांच्या दप्तरात फोन सापडले. दोघंही त्या तालमीला होते, म्हणजे व्हिडिओ त्यांचाच, असं ठरलं. फोन कपाटात गेले, पालकांना बोलावलं. तातडीच्या सभेत मी उभा राहिलो, बाई, आणि या स्क्रीनने आपल्या मुलांची संवेदना कशी मारली यावर बोललो. मोठ्या बाई म्हणाल्या, गुरुवारचा तासही थांबवू या काही दिवस. तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मला वाटलं, माझ्या बोलण्याने भारावलात.

त्या शुक्रवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये तुम्ही मला बोलावलंत. मोठ्या स्क्रीनवर तो व्हिडिओ थांबवून ठेवला होता. रियाचा हात वर, डोळे मिटलेले.

"हे कोपऱ्यात काय दिसतंय, सर?"

"दोरी आहे."

"पडद्याची दोरी. डाव्या विंगेतली. तिथनं असा कोन मिळतो तो फक्त प्रॉम्प्टरच्या खुर्चीवरनं. त्या खुर्चीवर आठवीतलं पोर बसलेलं मी कंदी बघितलं नाय. तुमी बसू देत नाय."

मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाई, हेतू वाईट नव्हता, कौतुकानेच पाठवला, किती गोड होतं ते.

"काय गोड होतं?"

"तिचं ते बोलणं."

"ती माझ्यासारखी बोलली," तुम्ही म्हणालात. "वीस वर्षं टेबलावर माझ्यासमोर बसता. माझं बोलणंपण असंच कापून कुठं कुठं पाठवलंय, सर?"

नव्हतं पाठवलं. पण मित्रांच्या बैठकीत तुमची नक्कल मी कितीदा केली आहे, आणि किती छान केली आहे, ते मला त्या क्षणी आठवलं, आणि तुम्हाला माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं. तुम्ही स्क्रीन बंद केलात. "मी कोणाला नाय सांगणार. सांगायचं ते तुमी, रियाच्या वर्गासमोर. गुरुवारी. तास थांबवला तरी मी मोठ्या बाईंकडनं मागून घेते."

मी म्हटलं, रियाची एकटीची माफी मागतो, तिच्या घरी जाऊन. वर्गासमोर कशाला, मुलांसमोर शिक्षकाचा मान राहिला पाहिजे. मी आणखीही बरंच बोललो. तुम्ही माउसवर कापड टाकलंत, दिवे बंद केलेत आणि मी बाहेर येईपर्यंत किल्ली घेऊन दाराशी उभ्या राहिलात. आपलं शेवटचं भांडण ते. त्यात शेवटचं वाक्य माझं होतं, आणि ते असं होतं: "बाई, तुम्ही फार ताणता."

मंगळवारी पहिल्या तासाला मोठ्या बाईंनी वर्गाबाहेर बोलावून सांगितलं की घरतबाई गेल्या. शाळेला निघताना अंगणातच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी खिडकीचा गज धरला. आणि बाई, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. रडू यायच्या आधी, एखाद्या पावलाएवढा वेळ, माझ्या मनात आलं, गुरुवार टळला. मग रडू आलं, खरं आलं, अजून येतं. पण आधी ते आलं. शोकसभेत मी इतका छान बोललो ते त्या एका पावलाला झाकायला.

आणि गंमत पाहा. मोठ्या बाई म्हणाल्या, "आठवी ब चा घरतबाईंचा तास तुम्ही घ्या, सर. त्यांनी गेल्या सोमवारीच माझ्याकडून परत मागून घेतला होता. तुम्हाला बोलणं जमतं."

पहिल्या गुरुवारी मी गेलो तेव्हा रिया वर्गात होती. तुम्ही रविवारी तळोज्याला तिच्या घरी जाऊन तिला परत आणलं होतं, हे मला तिथेच कळलं. मी मुलांना तुमच्या आठवणी सांगत होतो, मुलं अधूनमधून हसत होती, तास छान चालला होता. रियाने हात वर केला.

"सर, बाई आमच्या घरी आल्या होत्या. मी येणार नव्हते. बाई म्हणाल्या, ज्यानं व्हिडिओ काढला तो वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे. म्हणून मी आले." ती अगदी शुद्ध, एकेक शब्द तोलून बोलत होती. "आता त्याला कोण आणणार?"

मागच्या बाकावर नीरव आणि ओंकार मान खाली घालून बसले होते. सगळा वर्ग एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "बघू."

बाई, रंगभूमीवर मी तीस वर्षं वाक्यं विसरणाऱ्यांना मागून वाक्यं पुरवली आहेत. त्या दिवशी मला कोणी पुरवलं नाही. घंटा झाली. रिया दप्तर भरताना माझ्याकडे पाहत नव्हती. बसायला जागा मागून घेतलेली माणसं जशी उठून निघतात, तशी ती निघाली. मला कळलं की आणखी एक गुरुवार असाच गेला तर ही पोरगी यायची नाही, आणि तुमचा शब्द खोटा पडेल. माझे पडतात, त्याचं काही नाही. तुमचा कधी पडल्याचं मला आठवत नाही.

तो आठवडा मी खूप युक्त्या केल्या. एक पत्र लिहिलं, फाडलं. एक नाटुकलं सुचलं, ज्यात एका मास्तराला पश्चात्ताप होतो. तेही बरं जमत होतं, म्हणून सोडून दिलं.

काल सकाळी शाळा भरायच्या आधी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगितलंत, पुरे झालं. त्या दोघांचे फोन मी आजच परत देते, त्यांच्या आईवडिलांशी बोलते. वर्गात काही बोलू नका. मुलं घरी सांगतील, पालक येतील, शाळेचं नाव येईल, तुमचंही."

"रियाला काय सांगू?"

"तिला सांगा, चौकशी झाली."

दार उघडं होतं, बाई. किती सोपं. मी जिना चढलो तेव्हा मी काय करणार आहे हे मलाच माहीत नव्हतं, खरं सांगतो.

वर्गात शिरलो, खुर्ची बाजूला सरकवली, घसा साफ केला आणि सुरू केलं. "बाळांनो, आज एक गोष्ट सांगतो. एक माणूस होता. त्याला लोकांना हसवायची फार हौस."

"सर," रिया म्हणाली, "माणूस म्हणजे कोण?"



"मी," मी म्हटलं. "व्हिडिओ मी काढला. मी पाठवला. नीरवने नाही, ओंकारने नाही."

पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं, चांगलं वाक्य होतं, पण नीरव उभा राहिला. "सर, पप्पांनी मला मारलं. मी सांगत होतो माझा नाही, तरी मारलं. तुम्ही तेव्हा ऑफिसात होतात." मी होतो. मी त्याच्या वडिलांसाठी खुर्ची आणायला सांगितलं होतं. माझं तयार वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मी म्हटलं, "हो. होतो." तो उभाच राहिला. बसायला सांगायचा मला धीर झाला नाही.

मग प्रश्न आले. तुमच्या चिठ्ठ्यांनी या पोरांना प्रश्न विचारायची वाईट सवय लावून ठेवली आहे. सर, काढला कशाला? पाठवताना काय वाटलं? तिला विचारलं का नाही? मोठ्या माणसांच्या ग्रुपवर असलं चालतं का? मी पहिल्यांदाच तुमची ती चिठ्ठी लिहीत होतो, फळ्यासमोर उभं राहून, तोंडी. वरची ओळ, तालीम टिपायला. खालची ओळ, हशा मिळवायला.

रिया उठली. "मी नंतर बोलले होते, सर. थांबले, पण मग वाक्य आठवलं आणि पूर्ण बोलले. ते का नाही टाकलं?"

हा प्रश्न तुम्हीसुद्धा विचारला नव्हता, बाई. "हशा आला तिथे कापलं," मी म्हटलं. "गोष्ट सांगणारा हशा आला की थांबतो. पुढे काय झालं ते त्याला नको असतं."

"पूर्ण आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"मला द्या. मी एकटी बघणार."

मी फोन दिला. ती खिडकीशी गेली, पाठमोरी उभी राहिली, फोन डोळ्यांसमोर धरला. वर्ग इतका गप्प होता की सगळ्यांना ऐकू आलं. आधी तिचं ते वाक्य. मग हशा, त्यात माझा सगळ्यात मोठा. आणि हशा चालू असतानाच, बाई, तुमचा आवाज. तुम्ही त्या दिवशी तालमीला प्रेक्षकांत बसला होतात, मी विसरलोच होतो. "हसू दे त्यांना. तू बोल गं पोरी." मग महाराणी: "दरवाजे उघडा. ज्याला भीती वाटते त्याने आधी माझ्या मागे उभं राहावं."

काय बोलली होती ती. आणि मी ते कापून टाकलं होतं.

ओंकार म्हणाला, "सर, पूर्ण टाका ना आता. सगळ्यांना कळेल ती किती भारी बोलली." मागून एक मुलगी म्हणाली, "पुन्हा तिला न विचारता?" दुसरी म्हणाली, मग तिला विचारा. कोणी म्हणालं, जुना व्हिडिओ तर फिरतोच आहे, नवा टाकला तर तो मागे पडेल. कोणी म्हणालं, लोक पुन्हा हसतानाचाच तुकडा कापतील. सात-आठ मिनिटं ते आपापसांत भांडत होते आणि मी एक शब्द बोललो नाही. तुम्ही असता तर घड्याळ पाहिलं असतंत.

रिया वळली. "नको. मला कुठंच नको आहे. पुसा."

मी फोन घेतला. आणि अंगठा थांबला. तुमचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे, बाई. वीस वर्षांत मी पोरांचे, मंचाचे, स्वतःचे शेकडो व्हिडिओ काढले. तुमचा एकही काढला नाही. मी पुसलं, वर्गाला स्क्रीन दाखवली.

"सर," नीरव उभ्यानेच म्हणाला, "ते अजून पुसलेल्यांच्या फोल्डरमध्ये असतं. महिनाभर राहतं."

मला ते माहीत होतं. पुसताना माझ्या मनात तोच महिना होता. रियाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला ते कळलं, जसं तुम्हाला सगळं कळायचं तसं. मी ते फोल्डर उघडलं, तिच्यासमोर धरलं, आणि कायमचं पुसलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रियाने मला माफ केलं असं मला वाटत नाही, आणि मी विचारलंही नाही. ती तुमच्या टेबलापाशी आली, मी बाजूला सरकवलेली खुर्ची तिने ओढून पहिल्या बाकाशेजारी ठेवली.

"बसा आता, सर," ती म्हणाली. "नीरवला बोलायचं हाय."

वर्गात कोणी हसलं नाही. मी बसलो, बाई.